बॅट बारा हजारांची, वर्षाचा खर्च मात्र लाखाच्या वर! उपनगरातल्या मुलांचं क्रिकेट इतकं महाग का झालं?

रविवारी पहाटे साडेपाच वाजता बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनवर उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. पांढरे कपडे घातलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा, त्याच्या उंचीएवढी चाकांची किटबॅग आणि शेजारी अर्धवट झोपेतले आई किंवा बाबा. मॅच आझाद मैदानात आहे. नऊच्या आत पोहोचायचंय, आणि त्यात मेगाब्लॉक आहे.

बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. मुलुंड ते सीएसएमटी ३० किलोमीटरच्या वर. हा प्रवास उपनगरातली मुलं कित्येक पिढ्या करत आली आहेत. बदललाय तो त्यामागचा हिशेब. एकेकाळी बॅट, पॅड आणि लोकलचा पास एवढ्यात भागणारा हा खेळ आता मध्यमवर्गीय घराच्या बजेटमध्ये शाळेच्या फीच्या शेजारी जाऊन बसला आहे.

हे नेमकं कशामुळे झालं? पैसा जातो कुठे? आणि ज्यांच्याकडे तो नाही, त्यांच्यासाठी कोणता रस्ता उरलाय? समजून घेऊया.

आधी हिशेब मांडूया

समजा, कांदिवली-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातला १३ वर्षांचा मुलगा आहे. लेदर बॉलवर खेळतोय, शाळेच्या टीममध्ये आहे आणि अंडर-१४ च्या निवड चाचणीची तयारी करतोय. त्याच्या एका वर्षाचा नमुन्यादाखल हिशेब असा मांडता येईल. भाग, अकॅडमी आणि ब्रँडप्रमाणे आकडे कमी-जास्त होतील, पण खर्चाची रचना साधारण हीच राहते.

- अकॅडमीची फी, महिन्याला ३,५०० रुपये: वर्षाला ४२,०००
- पर्सनल कोचिंग, आठवड्याला एक सेशन, ८०० रुपये, दहा महिने: ३२,०००
- इंग्लिश विलोची एक बॅट: १२,०००
- ग्लोव्हजच्या दोन जोड्या: ३,०००
- शूजच्या दोन जोड्या: ६,०००
- पॅड, हेल्मेट, थाय पॅड, गार्ड, किटबॅग (दोन वर्षं टिकतील असं धरून, वर्षाचा वाटा): ६,०००
- पांढरे कपडे: ३,०००
- मॅचच्या दिवसांचा प्रवास आणि खाणं, ६० दिवस, दिवसाला ३०० रुपये: १८,०००
- खासगी स्पर्धांची एंट्री आणि एखादी बाहेरगावची टूर: १५,०००

एकूण: १,३७,००० रुपये. म्हणजे महिन्याला साधारण ११,४०० रुपये. यात शाळेची फी नाही, डॉक्टर आणि फिजिओ नाही, आणि दुसऱ्या मुलाच्या क्लासेसचा तर प्रश्नच नाही.

या यादीत एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. पालकांच्या गप्पांमध्ये सगळ्यात जास्त चर्चा होते ती बॅटच्या किमतीची. पण बॅटपासून कपड्यांपर्यंतचं सगळं सामान मिळून होतात ३०,००० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. अकॅडमी आणि पर्सनल कोचिंगचे मिळून होतात ७४,०००, म्हणजे निम्म्याहून जास्त. सामान महाग झालंच आहे, पण त्याहून महाग झाली आहे सरावाला जागा आणि शिकवणारा माणूस.

मैदान गेलं, टर्फ आलं

क्रिकेटला लागते मोकळी जमीन, आणि मुंबईत सगळ्यात महाग वस्तू तीच आहे. शहराच्या विकास आराखड्यासाठी झालेल्या पाहणीत मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम १.२४ चौरस मीटर असल्याचं दिसलं होतं. एका माणसाच्या वाट्याला सतरंजीएवढीही जागा नाही.

शहराची क्रिकेटची मोठी मैदानं दक्षिणेला आणि मध्यावर आहेत: आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, दादरचं शिवाजी पार्क. एकट्या आझाद मैदानात २२ खेळपट्ट्या आहेत. उपनगरं वाढत गेली, तशी तिथे घरं वाढली, शाळा वाढल्या, मुलं वाढली. मैदानं त्या प्रमाणात वाढली नाहीत. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, मुलुंडचं प्रियदर्शिनी क्रीडासंकुल, कांदिवलीतली एमसीएची सचिन तेंडुलकर जिमखान्याची जागा अशी ठिकाणं आहेत, पण मुलांची संख्या पाहता ती पुरी पडत नाहीत.

मग ही पोकळी भरली कुणी? जाळी लावलेल्या टर्फने. मॉलच्या गच्चीवर, सोसायटीच्या मागे, पेट्रोल पंपाशेजारच्या प्लॉटवर कृत्रिम गवत आलं, दिवे आले आणि तासाचा दर आला. पूर्वी पोरं मैदानावर पोहोचायची आणि जागा धरायची. आता जागा बुक करायची असते. अकॅडमीलाही नेटसाठी भाडं मोजावं लागतं, आणि ते अर्थातच फीमध्ये उतरतं.

भर पडते करांची. क्रीडा प्रशिक्षणावरची जीएसटीची सूट फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना आहे. खासगी अकॅडमीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की तिच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. वरच्या हिशेबातले ४२,००० रुपये कर धरून असतील, तर त्यातले सुमारे ६,४०० रुपये सरकारच्या खात्यात जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये खेळाच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो दिलासा आहेच. पण सामान हा खर्चाचा लहान हिस्सा आहे आणि कोचिंग मोठा, त्यामुळे घरखर्चात त्याचा फरक थोडाच जाणवतो.

बॅट इतकी महाग का?

आता बॅटकडे वळूया, कारण तिची गोष्टही रंजक आहे.

चांगल्या बॅटला लागणारा इंग्लिश विलो हे झाड प्रामुख्याने इंग्लंडमध्ये वाढतं. ते तोडण्याजोगं व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे आज मागणी वाढली म्हणून उद्या लाकूड वाढवता येत नाही. एसेक्समधली जे. एस. राइट अँड सन्स ही १८९४ पासूनची कंपनी या लाकडाचा मोठा पुरवठा करते. तिथून लाकडाचे ओबडधोबड तुकडे भारतात येतात आणि मेरठ-जालंधरच्या कारखान्यांत त्यांच्या बॅटी होतात. त्यामुळे पौंडाचा भाव वाढला की त्याची झळ बोरिवलीच्या दुकानापर्यंत पोहोचते.

त्यातही प्रत वेगवेगळी. लाकडावरच्या सरळ रेषा, ज्यांना ग्रेन्स म्हणतात, त्या किती आणि किती स्वच्छ यावर ग्रेड ठरतो आणि त्यावर किंमत. सुरुवातीच्या प्रतीची इंग्लिश विलो बॅट सहा-सात हजारांपासून मिळते. वरच्या ग्रेडची बॅट तीस-चाळीस हजार आणि त्याही पुढे जाते. काश्मिरात वाढणाऱ्या विलोची बॅट साधारण दोन-तीन हजारांत येते. ती जड आणि जरा कडक असते, पण शिकणाऱ्या मुलासाठी चालून जाते.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: मुलगा वाढतो, बॅट वाढत नाही. एक ते सहा नंबर, मग हॅरो, मग पूर्ण मापाची शॉर्ट हँडल अशी बॅटची मापं बदलत जातात. शूज आणि पॅडचंही तेच. मोठा खेळाडू एक हेल्मेट काही वर्षं वापरतो. वाढत्या वयाच्या मुलाला ते पुढच्या मोसमात घट्ट होतं. सगळ्यात कमी कमावणाऱ्या वयात सगळ्यात जास्त वेळा सामान बदलावं लागतं.

यावर पर्याय शोधण्याचे प्रयत्नही झाले. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी बांबूची बॅट तयार केली. बांबू झपाट्याने वाढतो आणि स्वस्त पडतो, हा त्यामागचा विचार होता. पण क्रिकेटचे नियम बनवणाऱ्या एमसीसीने लगेच स्पष्ट केलं, की सध्याच्या नियमांनुसार बॅटचं पातं लाकडाचंच हवं आणि बांबू हे शास्त्रीयदृष्ट्या गवत आहे.

हे फक्त मुंबईचं दुखणं आहे का?

मुळीच नाही. अमेरिकेतली आइस हॉकी हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. अस्पेन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत, एका मुलाच्या आइस हॉकीवर कुटुंबाचा वर्षाला सरासरी २,५८३ डॉलर खर्च होतो असं दिसलं. त्या यादीतल्या खेळांमध्ये तो सर्वाधिक होता.

कारणं पाहिली तर ओळखीची वाटतील. बर्फाची रिंक तासाच्या भाड्याने घ्यावी लागते, जसं इथे टर्फ. मुलाचे पाय वाढले की स्केट्स बदलावे लागतात, जशी इथे बॅट. मॅच खेळायला दूरच्या गावी गाडीने जावं लागतं, जशी इथे लोकल. आणि शाळेच्या टीमऐवजी खासगी क्लबची टीम महत्त्वाची ठरली, की फीवर कुणाचा लगाम राहत नाही. याच संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत, मुलाच्या मुख्य खेळावरचा अमेरिकन कुटुंबाचा सरासरी खर्च पाच वर्षांत ४६ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं.

फरक एकच. अमेरिकेत आइस हॉकी हा पैसेवाल्यांचा खेळ आहे हे सगळे मान्य करतात. मुंबईत मात्र क्रिकेट हा सर्वसामान्यांचा खेळ आहे, हीच या शहराची ओळख आहे.

मग पूर्वी हे सगळं स्वस्त होतं का?

इथे प्रश्नाची खरी मेख आहे. पूर्वी सामान आणि कोचिंग आजच्याइतकं महाग नव्हतं, हे खरं. पण खर्च तेव्हाही होता. तो बिलात दिसत नव्हता, कारण कुणीतरी दुसराच तो उचलत होता.

रोहित शर्माचंच उदाहरण घ्या. आई-वडील डोंबिवलीत, घरची परिस्थिती बेताची, म्हणून रोहित बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. १९९९ मध्ये काकांनी दिलेल्या पैशांतून तो एका क्रिकेट शिबिरात दाखल झाला. तिथे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला पाहिलं आणि ते शिकवत असलेल्या बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत येण्याचा आग्रह धरला. त्या शाळेची फी महिन्याला २७५ रुपये होती आणि ती परवडणारी नव्हती. लाड यांनी शाळेकडे शब्द टाकला आणि त्याची फी माफ झाली. त्यानंतरची चार वर्षं रोहितला शाळेत एक पैसा भरावा लागला नाही. लाड यांना २०२२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पालघरच्या शार्दूल ठाकूरला तर त्यांनी बोरिवलीतल्या स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं.

आणखी नावं पाहा, प्रत्येक गोष्टीत कुणीतरी खर्च उचलणारं दिसतं.

- सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये गेला. सराव शिवाजी पार्कवर आणि घर वांद्र्याला, ही ओढाताण टाळण्यासाठी तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला.
- अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. रिक्षा परवडत नसल्याने त्याची आई धाकट्या भावाला कडेवर घेऊन आणि दुसऱ्या हातात किटबॅग धरून त्याला चालत मैदानावर न्यायची, हे त्याने अनेकदा सांगितलंय.
- पृथ्वी शॉ विरारहून वांद्र्याला यायचा. त्याला रोज सोबत करता यावी म्हणून वडिलांनी आपला धंदा आटोपता घेतला.
- भांडुपला जन्मलेल्या जेमिमा रॉड्रिग्जचं कुटुंब मुलांना खेळाच्या चांगल्या सोयी मिळाव्यात म्हणून वांद्र्याला राहायला गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणारी ती हीच.
- यशस्वी जयस्वाल उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आला, आझाद मैदानातल्या तंबूत राहिला, पाणीपुरी विकली. पुढे प्रशिक्षक ज्वाला सिंग यांनी त्याला आपल्या घरी नेलं.

काका, आई, वडील, सर, शाळा. यांपैकी कुणीच बिल पाठवलं नाही. पण जागा, वेळ, जेवण आणि प्रवास यांची किंमत प्रत्येक वेळी मोजली गेली होती.

त्यात आणखी दोन आधार होते. पहिला शाळेचा. हॅरिस शिल्ड १८९७ पासून आणि गाइल्स शिल्ड १९०१ पासून खेळवली जाते. मैदानावर आणणं-नेणं, टीमचं सामान, सरांचा पगार हे शाळा बघायची. याच हॅरिस शिल्डमध्ये फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली, ती शारदाश्रमच्या मुलांनी. दुसरा आधार नोकरीचा. टाइम्स शिल्डसारख्या ऑफिसांच्या स्पर्धांमुळे बँका, एअर इंडिया आणि मोठमोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या. मुलगा भारताकडून खेळला नाही तरी बँकेत लागेल, एवढी खात्री पालकांना पुरायची. रणजी करंडक ४२ वेळा जिंकणाऱ्या शहराचा पाया असा घातला गेला.

आता काय बदललं?

हे आधार एकेक करून कमी झाले. कंपन्यांनी खेळाडूंची भरती आवरली. काका-काकूंचं दादरमधलं घर आता नातेवाइकांना सोयीचं राहिलं नाही, कारण सगळेच कर्जत, बदलापूर, विरारपर्यंत पांगले. आई-बाबा दोघं नोकरी करतात, त्यामुळे रोज मैदानावर बसायला घरात माणूस नाही. आणि जे काम शाळेतले सर करायचे, ते अकॅडमीकडे गेलं.

दुसऱ्या बाजूला आमिष मात्र वाढलं. २००८ मध्ये आयपीएल आली. डिसेंबर २०१९ च्या लिलावात यशस्वी जयस्वालला राजस्थान रॉयल्सने २ कोटी ४० लाखांना घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर १ कोटी १० लाखांची बोली लागली. २०२३ पासून महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली आणि मुलींच्या पालकांनाही रस्ता दिसू लागला, ही तर चांगलीच गोष्ट. पण आकडे पाहून अनेक घरांत खेळाकडे गुंतवणूक म्हणून बघायला सुरुवात झाली.

गुंतवणूक म्हणून पाहिलं, तर साधं गणितही करायला हवं. एका वयोगटात मुंबईच्या संघात जागा असतात पंधरा-सोळा. त्यासाठी चाचणी देणारी मुलं असतात हजारोंनी. वरच्या हिशेबाने पाच वर्षं खर्च केला, तर भाववाढ न धरताही ६ लाख ८५ हजार रुपये होतात. त्यातून संघात जागा मिळण्याची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहिलेलं बरं.

मदत मिळाली की प्रश्न सुटतो?

नेहमीच नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने भंडारी कप स्पर्धेत नाबाद १,००९ धावा काढल्या. वडील रिक्षाचालक. जगभर बातमी झाली आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिन्याला १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पण पुढे फॉर्म हरवला, आणि २०१७ मध्ये कुटुंबानेच ही मदत थांबवायला सांगितलं. धावा होत नसताना पैसे घेणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं.

हा कुटुंबाचा स्वाभिमान झाला. पण यातून एक गोष्ट कळते. मदत एका मोठ्या खेळीनंतर मिळाली, तर ती बक्षिसासारखी वाटते आणि फॉर्म गेला की तिचं ओझं होतं. रोहितला जी फीमाफी मिळाली, ती हजार धावांनंतर मिळाली नव्हती. तेव्हा तो ऑफ-स्पिन टाकणारा एक होतकरू पोरगा होता, बस. मदतीची खरी गरज तेव्हाच असते.

खर्च कुठे वाचवता येतो आणि कुठे वाचवू नये?

*दहा वर्षांखालच्या मुलाला पूर्ण किट लागत नाही.* टेनिस बॉल, साधी बॅट आणि सोसायटीचं आवार पुरेसं आहे. या वयात खेळाची गोडी लागली तरी खूप झालं.

*लेदर बॉलची पहिली एक-दोन वर्षं काश्मिरी विलो चालते.* मापाच्या बाबतीत "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठी बॅट घेऊ नये. जड बॅटमुळे हात आणि फटके दोन्ही बिघडतात.

*पॅड, किटबॅग, बॅट सेकंड-हँड घ्यायला हरकत नाही.* मोठ्या मुलांचं लहान झालेलं सामान प्रत्येक अकॅडमीत पडून असतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला तरी काम होतं.

*हेल्मेटवर मात्र काटकसर नको.* बीएस ७९२८:२०१३ हे मानक पाळणारं, डोक्याला नीट बसणारं हेल्मेट घ्यावं. जोरदार चेंडू लागलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलावं. म्हणूनच जुनं हेल्मेट विकत घेऊ नये. त्याला काय काय लागलंय हे कळायला मार्ग नसतो.

*अकॅडमी निवडताना चार प्रश्न विचारावेत.* एका नेटमध्ये मुलं किती? मुलाला दिवसाला प्रत्यक्ष किती चेंडू खेळायला किंवा टाकायला मिळतात? वर्षाला मॅच किती आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? पावसाळ्यात सराव बंद असेल तर फीचं काय? पर्सनल कोचिंगचा विचार या उत्तरांनंतर करावा. नेटमध्ये गर्दी म्हणून पर्सनल सेशन घ्यावं लागत असेल, तर पालक एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरत आहेत.

*शाळा आणि क्लब विसरू नयेत.* क्रिकेटवर भर देणाऱ्या काही शाळा चांगल्या खेळाडूंना आजही फीमध्ये सवलत देतात, पण ती मागावी लागते. माजी कर्णधार दिलीप वेंगसरकर यांच्या अकॅडमीसारख्या ठिकाणी निवडलेल्या मुलांना मोफत प्रशिक्षण मिळत आलं आहे. एमसीएच्या निवड चाचण्या आणि उन्हाळी शिबिरांवर लक्ष ठेवावं. १९४८ पासून पावसाळ्यात चालणारी कांगा लीग क्लबमार्फत खेळता येते. चिखलात, उसळत्या-बसत्या खेळपट्टीवर जे शिकायला मिळतं ते कृत्रिम गवतावर मिळत नाही.

शेवटी प्रश्न कुणाचा?

हा प्रश्न फक्त पालकांच्या खिशाचा असता, तर "परवडत नसेल तर खेळू नका" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण गळती होते ती साधारण तेरा-चौदाव्या वर्षी. याच वयात अकॅडमीची फी वाढते, इंग्लिश विलो लागते, मॅच लांब लांब होतात आणि दहावी डोळ्यांसमोर दिसू लागते. त्या वेळी जो मुलगा किट माळ्यावर टाकतो, तो कच्चा असतो म्हणूनच टाकतो असं नाही. अनेकदा घरातल्यांचा हिशेब संपलेला असतो. त्याची बातमी कुठे येत नाही आणि तो किती चांगला झाला असता, हे कुणालाच कळत नाही.

महापालिकेच्या मैदानांवर सकाळच्या वेळा शाळकरी मुलांसाठी राखून ठेवणं, शाळांनी प्रत्येक टीमचं एक सामायिक किट ठेवणं, निवड झालेल्या मुलांना मैदानापर्यंतच्या लोकल प्रवासात सवलत मिळणं या गोष्टींना कोट्यवधी लागत नाहीत. आज विद्यार्थ्याला घर ते शाळा सवलतीचा पास मिळतो. मैदान त्या वाटेवर नसेल तर तिकीट काढावं लागतं.

बोरिवलीतल्या एका ऑफ-स्पिनरसाठी महिन्याचे २७५ रुपये कुणीतरी माफ केले होते. आज तो आकडा काही हजारांवर गेलाय. पण तो माफ करणारं कुणी असेल की नाही, यावरच पुढचा मुलगा पहाटेच्या लोकलमध्ये चढेल की नाही हे ठरणार आहे.